साखरेचा डबा डावीकडे

२ मार्च, सोमवार

वहिनी,

नमस्कार. गुडघा अजून संपावर आहे. तीन जिने उतरणं बंद, त्यामुळे जगाशी संबंध खिडकीपुरता. कानाचं यंत्र तर असं, की फोनवर तुम्ही "कसे आहात" म्हणालात तरी मला पाण्याचा पंप सुरू झाल्यासारखं वाटतं. म्हणून हा कागद.

बातमी अशी, की सत्तराव्या वर्षी मला काम मिळालंय! आपला तो जुना सिनेमा आठवतो ना, ज्यात पुतण्या विधवा काकूच्या घरातल्या वस्तू गुपचूप इकडच्या तिकडे करतो आणि तिला वाटायला लागतं की आपलंच डोकं फिरलंय? एका नव्या निर्मात्याला तो आजच्या काळात आणून हवाय. रहस्य तेच, घर आजचं. निर्माता इतका तरुण आहे की आपण तो सिनेमा केला तेव्हा त्याच्या वडिलांना मिसरूडही फुटलं नसेल.

मी अडलोय पहिल्याच प्रसंगात. आजच्या बाईला एखादी वस्तू हललेली कळेल का? हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? तीस वर्षं कंटिन्युइटी सांभाळलीत. आधीच्या शॉटमध्ये नायकाची किती बटणं उघडी होती, कपात चहा कुठवर होता, सगळं तुमच्या वहीत असायचं, म्हणून आमचे सिनेमे सरळ दिसले. आता, त्याच सिनेमात दिव्यामागची फुलदाणी डावीकडून टुणकन उजवीकडे उडी मारते, ते जाऊ द्या. तीस वर्षांत एक चूक. घरातली गोष्ट घरात.

तर आपल्याच घराकडे त्या जुन्या नजरेनं बघा आणि जे जाणवेल ते लिहा. तारीख घालून लिहा. मला सगळं कागदावर हवंय.

तुमचे चिरंजीव परवा येऊन गेले. नळाची गोष्ट कळली. मनाला लावून घेऊ नका.

तुमचा धाकटा दीर

•

६ मार्च, शुक्रवार

भावोजी,

अनेक आशीर्वाद आणि अभिनंदन. फुलदाणी काढल्याशिवाय तुमचं पत्र पुरं होत नाही, हे मी चाळीस वर्षं बघतेय. तुमच्या भावानं मात्र ती एकदाही काढली नाही. कॅमेरा त्यांचा होता, खरं तर बोलायचा हक्क त्यांचाच.

नळाचं ऐकलंत ना? मग माझ्या तोंडूनही ऐका. नळ उघडा राहिला, मी पुस्तकात गढलेली, आणि खालच्या दंतवैद्यांच्या छतातून पाणी त्यांच्या खुर्चीतल्या माणसाच्या उघड्या तोंडात. एकदा, भावोजी. एकदाच! पण चिरंजीवांनी त्याचा एवढा मोठा बाऊ केलाय. "आई, तू विसरायला लागलीस." त्याच्याकडे माझ्यासाठी खोली तयार आहे. पलंगाशेजारी घंटा बसवलीय, दाबली की सूनबाई धावत येणार. सून गुणाची आहे, पण घंटा वाजवून माणूस बोलवायला मी काय इस्पितळात आहे? ३१ तारखेपर्यंत ठरव म्हणालाय. "ठरव" म्हणजे "हो म्हण", हे तुम्हाला समजत असेलच.

मला हे घर सोडायचं नाही. चौथा मजला, लिफ्ट नाही, कबूल. पण इथली प्रत्येक वस्तू मला डोळे मिटून सापडते.

आता तुमच्या कामाचं. मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते बारा मी वाचनालयात असते. आज परत आले, तर टेबलावरच्या कपाचा कान खिडकीकडे. मी कप ठेवते तो कान दाराकडे करून, हाताला बरा पडतो. आणि भिंतीवरचं घड्याळ मागे पडलं होतं. लावून घेतलं. तुमच्या पत्रानं माझ्या डोक्यात किडा सोडला असावा, दुसरं काय.

वहिनी

•

९ मार्च, सोमवार

वहिनी,

वा! कपाचा कान! असलं मला चार जन्मांत सुचलं नसतं. लगेच पहिल्या प्रसंगात घातला. घड्याळही सुरेख. आपल्या सिनेमात पुतण्या ते वीस मिनिटं मागे करतो, तेव्हा प्रेक्षक हसले होते, आठवतं? वीस म्हणजे उघड लबाडी. सात मिनिटं मागे असलं की माणूस घड्याळाला नाही, स्वतःलाच दोष देतो. हे बारकावे हवेत मला.

चिरंजीवांना यातलं काही बोलू नका. उगाच त्यांच्या हातात कोलीत.

निर्मात्यानं विचारलं, "आजी इतकं बारीक बघू शकते का?" म्हटलं, बाळा, ही आजी तुझ्या शर्टाचं वरून तिसरं बटण वेगळ्या दोऱ्यानं शिवलंय हे दारातूनच सांगेल. तो बिचारा बटण लपवून बसला.

गुडघा जैसे थे. लिहीत राहा.

दीर

•

१४ मार्च, शनिवार

भावोजी,

आज चेष्टेचं पत्र नाही.

मंगळवारी आले तर शब्दकोशाचा दुसरा खंड पहिल्याच्या आधी. मी म्हटलं, पुसताना मीच उलटे लावले असतील. काल शुक्रवारी आले, तर ह्यांची खुर्ची चार बोटं खिडकीकडे सरकलेली. सतरंजीवर खुर्चीच्या पायांचे चार खळगे आहेत, इतक्या वर्षांचे. पाय त्या खळग्यांत नव्हते. त्या खुर्चीला मी हात लावत नाही. झाडतानासुद्धा तिच्याभोवतून झाडते.

मी कुलूप बघितलं. ओरखडा नाही. खिडक्या आतून बंद. काही गेलेलं नाही, कपाटही जसंच्या तसं. किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे, एक चिरंजीवाकडे, आणि तो तर दिवसभर त्याच्या कचेरीत. म्हणजे दोनच शक्यता उरतात. एक तर घरात कुणी येतं. नाही तर हे सगळं मी करते आणि मला आठवत नाही.

पहिली शक्यता खरी निघाली तर मला बरं वाटेल, इतपत मजल गेलीय. चोर परवडला. चोराला हाकलता येतं.

चिरंजीवाचा फोन आला होता. "आई, सगळं ठीक?" मी म्हटलं, ठणठणीत. आवाज माझा मलाच खोटा वाटला.

तुमच्या सिनेमात ती काकू शेवटी काय करते, ते आधी ठरवा बघू.

वहिनी

•

१६ मार्च, सोमवार

वहिनी,

घाबरू नका. इतकं सांगतो, तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. खळगे बघणारी बाई विसरेल कशी? डोकं फिरलेल्या माणसाला आपलं फिरलंय असं वाटतच नाही म्हणतात. आमच्या निर्मात्याकडे बघा.

एक सुचवतो. जुन्या काळी शॉट संपला की तुम्ही झटपट फोटो काढून वहीला टाचून ठेवायचात. आता तर हातात फोन आहे. बाहेर पडताना खोल्यांचे फोटो काढा, आल्यावर ताडून बघा. मग "मी केलं की कुणी केलं" ही शंकाच उरणार नाही. आणि काय सापडेल ते मला कळवा, एकूण एक. पुरावा हातात असलेला बरा.

सिनेमातली काकू शेवटी काय करते ते अजून ठरलेलं नाही. तुमच्यावर अवलंबून आहे.

दीर

•

२१ मार्च, शनिवार

भावोजी,

फोटो काढले. ताडून पाहिले. मंगळवारी पडद्याची दोरी डाव्या खिळ्यावरून उजव्या खिळ्यावर. काल छत्री दारामागच्या पहिल्या खुंटीवरून तिसऱ्या खुंटीवर. बाकी सगळं जागच्या जागी. दोन तास बसून फोटो ताडले, आणखी काहीही नाही.

आणि जे फोटोत नाही तेही सांगते. गेल्या रविवारी माझा चष्मा सापडेना. सगळं घर पालथं घातलं. संध्याकाळी ब्रेडच्या डब्यात निघाला. पावाच्या दोन चकत्यांच्या मधे, जणू कुणी न्याहारीला वाढून ठेवलाय.

बास झालं. माझं मन ठरलंय. गुरुवारी चिरंजीव येणार आहे, त्याला सांगून टाकते की येते तुझ्याकडे. घंटा तर घंटा. तुमच्या सिनेमाला आता दुसरी काकू शोधा.

वहिनी

•

२३ मार्च, सोमवार

वहिनी,

थांबा! चिरंजीवांना एक अक्षर बोलू नका. मी हात जोडतो.

तुम्ही घाई केलीत. स्वयंपाकघर नीट पाहिलंत का? पुन्हा बघा. शेगडीवरच्या फळीकडे बघा. डब्यांकडे बघा, वहिनी, डब्यांकडे! शांतपणे, चहा करायला घेतल्यासारखं. तुमच्या नजरेतून काही सुटतं यावर माझा विश्वास नाही.

बघितल्याबरोबर लिहा. हे पत्र निर्मात्याच्या गाडीनं पाठवतोय, टपालाची वाट बघवत नाही.

दीर

•

२५ मार्च, बुधवार

भावोजी,

बघितले हो डबे. शुक्रवारी बारा वाजून पाच मिनिटांनीच बघितले होते. साखरेचा डबा डावीकडे असतो आणि चहाचा उजवीकडे, आणि तुम्ही त्यांची अदलाबदल करून गेलात. मी मुद्दाम लिहिलं नाही.

आता जरा बसा. गुडघा दुखत असेल. तुमचे तीन जिने उतरवत नाहीत म्हणे, आणि माझे चार बरे चढवतात!

कसं कळलं ते सांगते, म्हणजे तुमच्या सिनेमाचा शेवट तरी होईल. शुक्रवारी डबे बघितल्यावर मी शेगडी बंद केली. मग स्वतःलाच म्हटलं, बाई, तुझा धंदा काय होता? शॉट जुळत नसेल तर काय करायचीस? मागचं सगळं काढून ओळीनं लावायचीस. मी तुमची सगळी पत्रं काढली. माझ्याही पत्रांच्या नकला काढल्या, मी नक्कल ठेवते, जित्याची खोड. शेजारी शेजारी लावून वाचली. मी लिहिलं होतं, "घड्याळ मागे पडलं होतं." एवढंच. किती, ते लिहिलं नव्हतं. माझ्या वहीत लिहिलंय, सात मिनिटं, पण वही माझ्या उशाशी असते. तुमच्या पत्रात मात्र सात! घरात न आलेल्या माणसाला सात कुठून कळले?

तरी खात्री हवी होती. म्हणून शनिवारच्या पत्रात डबे गाळले आणि सोबत जरा रडगाणं लावलं. म्हटलं, भावोजींचा हात असेल तर ते गप्प बसायचे नाहीत. आणि तुम्ही "डब्यांकडे, वहिनी, डब्यांकडे!" करत सापळ्यात उडी मारलीत. मी चहाचा कप हातात घेऊन इतकी हसले, की खालच्या दंतवैद्यांनी वर येऊन विचारलं, नळ तर उघडा नाही ना?

हसून झालं. आता ऐका. मी तुमच्यावर रागावले आहे. खरंच रागावले आहे.

मधले पंधरा दिवस मी कसे काढले असतील? उठल्यावर आधी बोटांवर मोजायचे, आज वार कुठला, काल जेवायला काय केलं, सूनबाईच्या आईचं नाव काय. एकदा तर ह्यांचा आवाज आठवून बघितला, तो तरी नीट आठवतो का म्हणून. तुमच्या भावाची खुर्ची सरकलेली दिसली तेव्हा जमिनीवर बसून मी ते खळगे चाचपले. वाटलं, मीच बसले असेन तिच्यावर आणि मला पत्ता नाही. तुम्हाला मजा वाटली असेल, पण माझ्यासाठी ती मजा नव्हती.

का केलंत? सिनेमासाठी केलं असेल तर सांगूही नका. दुसरं काही असेल तर सगळं लिहा. चिरंजीवाची किल्ली तुमच्याकडे कशी, तेही. आणि पावात चष्मा ठेवणं जरा अतीच झालं हं.

वहिनी

ता. क. चिरंजीवाला मी हो म्हटलेलं नाही. म्हणणारही नव्हते.

•

२७ मार्च, शुक्रवार

वहिनी,

चारी मुंड्या चीत. आता सगळं सांगतो, काही न लपवता. गुडघा दुखतो हे खरं, जिने उतरवत नाहीत ही थाप.

चिरंजीव माझ्याकडे आले ते रडवेले होऊन. म्हणाले, काका, आई विसरतेय, एक दिवस गॅस उघडा राहील. मी म्हटलं, तुझी आई? ती विसरेल तर मी कथ्थक करीन, या गुडघ्यावर. ते ऐकेनात. त्यांनी कुठलीशी प्रश्नावली आणली होती, आजचा वार सांगा, शंभरातून सात वजा करत चला. मी म्हटलं, ही तुझी आई आहे, तिला असली बालवाडी कशाला? तिची परीक्षा तिच्या विषयात घे. मी तिच्या घरातल्या सात वस्तू हलवतो. एकही सुटली तर तू म्हणशील ते मी तिला पटवीन. सातही सापडल्या तर तू तो विषय पुन्हा काढायचा नाहीस. त्यांनी किल्ली दिली. म्हणून पत्रं, वहिनी, म्हणून तारखा. ती उत्तरपत्रिका होती.

शेवटचा पेपर तुम्ही कोरा दिलात असं वाटलं आणि माझी फे फे उडाली. सातवी वस्तू सुटली म्हणजे मीच तुमचं घर घालवलं! त्या भरात लिहून बसलो.

काल चिरंजीवांना सगळा गठ्ठा वाचून दाखवला. खळग्यांचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला. डब्यांपाशी खो खो हसले. आणि तुम्ही उठून बोटांवर वार मोजत होतात, तिथे त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि खिडकीत जाऊन उभे राहिले. म्हणाले, "काका, आपण दोघांनी मिळून तिला घाबरवलं."

तेच माझंही. मला तुमची इतकी खात्री होती, की तुम्हाला स्वतःची नसेल हे डोक्यातच आलं नाही. ते चुकलं. मला माफ करा.

घराचा विषय बंद झाला. चिरंजीव विचारत होते, मग ती घंटा कुणाला देऊ? मी म्हटलं, मला दे, मी वाजवीन आणि निर्माता धावत येईल. त्याला कथा आवडलीय. काकू आता बहात्तर वर्षांची आहे, पूर्वी कंटिन्युइटी बघायची, आणि गुन्हेगार पकडला जातो तो त्याच्याच पत्रातून.

हो, चष्माही मीच ठेवला होता पावात. आठवी वस्तू, गंमत म्हणून. तुम्ही तो विचार सोडून द्या.

तुमचा अपराधी दीर

•

३० मार्च, सोमवार

भावोजी,

माफ केलं. चिरंजीव काल येऊन गेला, माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला, अगदी लहान असताना पडायचा तसा. जाताना नळाला एक यंत्र बसवून गेला, पाच मिनिटांनी पाणी आपोआप बंद होतं. भांडी घासताना दोनदा बंद पडलं, पण असू दे, त्याच्या समाधानासाठी.

आता चष्मा. भावोजी, थापा तुम्हाला कधी जमल्या नाहीत, तरी सिनेमात पडलात. तो हरवला रविवारी. रविवारी मी घराबाहेर पाऊल टाकत नाही. तुम्ही पलंगाखाली लपून बसला होतात का? तो पावात ठेवणारी मीच. माझ्यासाठी खोटं बोललात ते मनाला भिडलं, पण कंटिन्युइटीत बसत नाही.

म्हणून मी आपणहून डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले, कुणी न सांगता. तासभर तपासलं. म्हणाल्या, वयाला शोभेल इतकं विसरता, सहा महिन्यांनी पुन्हा या. चिरंजीवाला मी हे सांगितलंय. तुम्हालाही सांगतेय, कारण यापुढे कुणी कुणापासून काही लपवायचं नाही.

आणखी एक. तुमच्या हिशेबानं वस्तू सात. कप, घड्याळ, शब्दकोश, खुर्ची, पडद्याची दोरी, छत्री, डबे. माझ्या वहीत आठ आहेत. चष्मा सोडून आठ.

१३ तारखेला, तुम्ही खुर्ची सरकवलीत त्या दिवशी, भिंतीवरचा ह्यांचा फोटो पुसलेला होता. काचेवर धूळ असते, मी पुसत नाही, माझा हात पोचत नाही आणि स्टुलावर चढायला चिरंजीवाची बंदी. त्या दिवशी काच लख्ख होती आणि खालच्या कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा. तेव्हा मला उलगडा झाला नाही, भीतीनं लिहिलंही नाही. आता कळतंय. खुर्चीवर चढलात, भावाचं तोंड पुसलंत, दोन शब्द बोलला असाल, आणि यादीत घालायला विसरलात. स्वतः केलेलं विसरलात, भावोजी! तेव्हा घंटा तुमच्याकडेच राहू द्या, लागेल.

फुलदाणीचंही आज सांगून टाकते, चाळीस वर्षांनी. त्या दिवशी मी फुलदाणीकडे बघतच नव्हते. कॅमेऱ्यामागून एक माणूस माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसला होता. तोच फोटोतला. त्याच्याकडे बघताना माझं बाकी सगळं सुटलं, पण तो कधी सुटला नाही, परवाच्या १३ तारखेलासुद्धा.

किल्ली तुमच्याकडेच ठेवा. दर शुक्रवारी बारा वाजता चहाला या, गुडघ्याला सांगून. खुर्ची मी परत खळग्यांत सरकवलेली नाही. खिडकीकडे उजेड बरा आहे, तुम्ही बसा तिच्यावर. फक्त एक करा, येताना बेल वाजवा.

वहिनी